शेव वेगळी

रविवारी सकाळी अकरा वाजता अवंतीला भेटायला नागपूरची मंडळी येणार होती, आणि पावणेअकराला तिचे वडील दिवाकरराव सोवनी टीव्हीवरच्या जंगलातून पायी चालले होते.

दिवाकरराव जबलपुरातल्या रांझीच्या कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा अवंतीने त्यांना गेमचं यंत्र आणि ‘वज्रगडाचा वारस’ नावाचा खेळ भेट दिला होता. एकट्याने खेळायचा खेळ. आपण राजपुत्र व्हायचं आणि हरवलेला गड शोधायचा. खेळ तीन हजारांचा होता, पण आत शिरल्यावर कळलं की घोड्याचे पैसे निराळे, चपलांचे निराळे, आणि झोळी मोठी हवी असेल तर तिचेही निराळे. बत्तीस वर्षं सदोष माल परत पाठवलेल्या माणसाला हे झेपणारं नव्हतं. त्यांनी एक रुपयाही द्यायला नकार दिला आणि राजपुत्राला चार महिने अनवाणी चालवलं. शिवाय दर आठवड्याला कंपनीला ‘रिजेक्शन नोट’ अशा मथळ्याचा ईमेल पाठवला. अशा सोळा झाल्या होत्या.

“अहो, बंद करा ना ते,” हेमलता आतून पदराला हात पुसत आली. “पाहुणे विजय नगरात शिरले. तुम्ही अजून काय करून राहिले?”

“बंद केलं तर दोन तासांची चाल वाया जाते. सेव्ह करायला मशाल लागते, अन् मशालीचे एकोणतीस रुपये मागून राहिला तो.”

“मग द्या ना एकोणतीस.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तेवढ्यात बेल वाजली. हेमलताने जेवणाच्या टेबलावरची भरतकामाची चादर ओढली आणि टीव्हीवर टाकली.

मुलगा गौरांग देशकर पुण्याला नोकरीला होता. बरोबर आई होती, शैलजाताई. मुलगा शांत, बोलायला बरा. अवंती रेल्वेच्या ऑफिसातली इंजिनिअर. याआधीच्या दोन स्थळांना तिने चहा संपायच्या आत नकार दिला होता, त्यामुळे हेमलताचं सगळं लक्ष तिच्या कपाकडे होतं.

“गौरांग गोष्टी लिहितो,” शैलजाताई कौतुकाने म्हणाल्या. “कंपनीच्या खेळांसाठी.”

“अच्छा,” दिवाकरराव म्हणाले आणि चादरीकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

पण त्या खेळात राजपुत्र दहा मिनिटं एका जागी उभा राहिला, की दुकानदार स्वतःहून हजर होत असे. चादरीखालून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग कोणीतरी अदबीने म्हणालं, “मालिक, पैरों में छाले पड़ गए होंगे. घोड़ा ले लीजिए. सिर्फ़ आज के लिए, उनचास रुपये.”

शैलजाताईंनी पाय जवळ घेतले.

“हे वाक्य माझं आहे,” गौरांग हळूच म्हणाला.

दिवाकररावांनी चादर काढली. जंगलात फेटेवाला दुकानदार हात जोडून उभा होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भावी जावयाकडे.

“म्हणजे दुकान तुमचं.”

“मी गोष्ट लिहायला लागलो होतो, काका. आता गोष्टीवर तीन जणं आहेत अन् दुकानावर अठरा. मलाही तिकडेच घेतलं.” मग तो थबकला. “जबलपूर. सोवनी. रिजेक्शन नोट क्रमांक नऊ, ‘मी घरात एकटा खेळतो, गिऱ्हाईक मीच, मग दुकान कोणासाठी’, ती तुमची?”

“वाचता तुम्ही?”

“सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचतात.”

“अन् करता काय?”

गौरांगने मान खाली घातली. दिवाकरराव उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या आणि चेहऱ्यावर कारखान्यातली जुनी शांतता.

“पोहे मोफत आहेत,” ते गौरांगपुढे बशी ठेवून म्हणाले. “शेव वेगळी. वीस रुपये.”

“बाबा, आप भी ना,” अवंती म्हणाली.

“घाई नसेल तर थांबा. बारा तासांनी शेव आपोआप मिळेल. चहाही मोफत आहे. साखरेचे दहा. पंखा एक नंबरवर मोफत, पुढे नंबराप्रमाणे.”

हेमलताला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. “अहो, पाहुणे आहेत ते. काहून असं करून राहिले?”

“पाहुणे म्हणूनच खुर्ची फुकट दिली.”

शैलजाताईंना आधी ही थट्टा वाटली. मग त्या मुलाकडे वळल्या. “तू मला सांगितलं गोष्टी लिहितो म्हणून. लोकांच्या खिशात हात घालून राहिला काय?”

गौरांगने मोबाईल काढला, दिवाकररावांचा नंबर विचारला आणि मुकाट्याने तीस रुपये पाठवले. शेव आली, साखर आली. दोन घास खाल्ल्यावर त्याला राहवलं नाही.

“काका, वीस नका ठेवू. एकोणीस ठेवा. माणूस विचार न करता देतो.”

“असं का?”

“अन् शेव, लिंबू, साखर असा एक पॅक करा, एकोणपन्नासचा. लिंबू कोणालाच नको असतं, तरी घेतात.”

दिवाकररावांनी शेजारच्या वर्तमानपत्राच्या कडेला हे लिहून घेतलं. अवंती चहा पिता पिता ठसकली. हेमलताने पाहिलं, ती हसत होती.

“या दोघांना जरा बोलू द्या ना,” शैलजाताई म्हणाल्या. “गच्चीवर.”

“जरूर. पाच मिनिटं मोफत. पुढच्या प्रत्येक पाचाचे नव्व्याण्णव.”

“पाच पुरेत,” अवंती म्हणाली आणि पुढे निघाली. तिच्या त्या आवाजातला नकार हेमलता ओळखत होती.

ती दोघं वर गेली. सहाव्या मिनिटाला दिवाकररावांचा फोन वाजला. गौरांगकडून नव्व्याण्णव रुपये. अकराव्या मिनिटाला पुन्हा नव्व्याण्णव. सोळाव्याला आणखी. दिवाकरराव प्रत्येक वेळी फोन हेमलताला दाखवत होते. पोराला चांगला धडा मिळतोय, असं त्यांचं मत होतं.

एकविसाव्या मिनिटाला काहीच आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“संपला स्टॅमिना,” दिवाकरराव उठत म्हणाले. “मी बोलावून आणतो. नियम म्हणजे नियम.”

ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच फोन पुन्हा वाजला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि तिथेच उभे राहिले.

“किती आले?” हेमलताने विचारलं.

“नऊशे नव्व्याण्णव.”

“एवढे? त्या पोराचं काही खरं नाही.”

“त्याचे नाहीत.” दिवाकररावांनी फोन तिच्यापुढे धरला. पैसे अवंतीच्या खात्यातून आले होते. खाली तिने लिहिलं होतं, ‘दिवसभराचा पास. वर येऊ नका.’

शैलजाताईंनी ते वाचायला मागितलं, दोनदा वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. हेमलता आत गेली आणि तिने कुकरमध्ये दोन वाट्या तांदूळ वाढवले.

दिवाकरराव तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळले.

“जेवणाचं मग काय लावायचं?” त्यांनी हळूच विचारलं.

हेमलताने मागे वळून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दिवाकररावांनी फोन बंद केला, फळीवर उलटा ठेवला आणि कोशिंबिरीसाठी काकड्या सोलायला घेतल्या.