सात नंबरची मादी

माद्यांचा स्वभाव मला जितका कळतो, तितका जगात कुणालाच कळत नाही! पक्ष्यांच्या माद्यांचा म्हणतोय मी. आमच्या प्रयोगशाळेत बारा पिंजरे आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या बारा माद्या आहेत. नराचं रेकॉर्ड केलेलं गाणं त्यांना अर्धा तास ऐकवायचं, आधी आणि नंतर रक्ताचा थेंब घ्यायचा. अंडी घालायची तयारी करणारं हार्मोन वाढलं, की झालं! प्रबंधात मी छातीठोकपणे लिहून टाकलं होतं, 'सर्व माद्या सारखाच प्रतिसाद देतात.'

अडली फक्त सात नंबर! हिचं हार्मोन सहा महिने जागचं हललं नव्हतं. पिल्लू असताना ती आजारी पडली, तेव्हा मी तिला महिनाभर घरी नेलं होतं. एकीकडे मला बोल लावत, बायकोने ड्रॉपरने भरवून तिला जगवलं. आणि आता ती माझ्याच मुळावर उठली होती!

"सगळ्या सारख्या?" बायको म्हणाली. "मी, माझी बहीण आणि तुझी आई, एका गाण्यावर सारख्या डोलतो का रे?"

"तुला शास्त्रातलं काय कळतं!" मी म्हणालो. हे वाक्य कृपया विसरून जा.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक प्रयोग बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली नाही, तर माझी पाच वर्षं पाण्यात! मी ठरवून टाकलं की सात नंबरला ऐकूच कमी येत असणार. सकाळी घरातला दांडगा स्पीकर उचलला आणि गुपचूप प्रयोगशाळेत नेला.

सगळ्यांच्या रक्ताचे थेंब घेतले, गाणं सुरू केलं. दोन नंबर लगेच घरट्यासाठी काड्या गोळा करू लागली. मी परीक्षकांकडे ऐटीत पाहिलं. तेवढ्यात चार नंबर झोपली. नऊ नंबर स्पीकरकडे पाठ करून बसली. सात नंबर निवांत दाणे टिपत होती.

"सारखाच प्रतिसाद?" परीक्षकांनी चष्म्यावरून विचारलं.

"आवाज कमी पडतोय, सर!"

मी आवाज वाढवला. काचा थरथरल्या. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी कानांवर हात ठेवले. आणि दार धाडकन उघडलं.

"माझा स्पीकर!" दारात बायको! "तिकडे माझ्या वर्गात वीस बायका व्यायामाला ताटकळत उभ्या आहेत, आणि तू इथे चिमण्यांना गाणी ऐकवतोयस? काल डबा विसरलास, परवा गॅस चालू ठेवून गेलास..."

यादी लांब होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"थांबा!" मॅडम ओरडल्या. मला वाटलं, बायकोला म्हणतायत. "ते गाणं थांबवा! त्यांना बोलू द्या!"

सात नंबर टुणकन दांडीवर आली होती. चोचीत काडी धरून, शेपूट थरथरवत, बायकोकडे एकटक बघत होती!

बायको अर्धा तास बोलली. मजकुराची टंचाई अजिबात भासली नाही. मग रक्ताचे थेंब घेतले. दुसऱ्या दिवशी निकाल आला. बारा जणींत सगळ्यांत जास्त वाढ सात नंबरची!

परीक्षक खूश! "तो 'सारखाच' शब्द खोडा. कोणती मादी कशाने आणि किती खुलते, हाच तुमचा खरा प्रबंध. सात नंबरवर हाच प्रयोग तीन महिने रोज करा, मग मी सही करतो."

आता प्रबंधात साहित्याच्या यादीत, पिंजरे आणि ड्रॉपरच्या खाली नोंद आहे, 'पत्नीचा आवाज, रोज अर्धा तास.' अडचण एकच. इथे बोलावून नुसतं 'बोल' म्हटलं तर तिच्या आवाजाला धार येत नाही, आणि सात नंबर ढिम्म बसून राहते. त्यामुळे रोज घरातून निघण्याआधी मला काहीतरी करून ठेवावं लागतं.

आज ओला टॉवेल तिच्या उशीवर टाकून आलोय. शास्त्रासाठी!