कोंडाजीची मंगी आन् मेधाची भाकरी

जनावर कुणाच्या घरचं, ते मी नुसतं बघून सांगते. शेपटीवरनं म्हैस वळखते, चालीवरनं बैल. एकदा तर कोंबडीच्या आवाजावरनं तिची आजी कुणाच्या खुराड्यातली, ते सांगितलं व्हतं! त्यामुळं दोन हजार नऊ साली, भात अंगणात वाळत घातलेलं आसताना त्यावर एक पांढरं मांजर येऊन बसलं, तवा मी इचार करायला येळच घेतला न्हाई.

"कोंडाजी, धाव रं! तुजी मंगी आली."

कोंडाजी आमचा शेजारी. बायको गेलेली, एकटा मानूस. पाच वरसांमागं त्याची मांजर मंगी ताम्हिणीच्या अंगाला गेली ती गेलीच. पर तिची दुधाची वाटी त्यानं उंबऱ्याजवळनं कदी हालवली न्हाई.

तो आला आन् बघतच ऱ्हायला. "आक्का, मंगी काळी व्हती."

"घाटात वाघ बघितला आसंल. भ्यानं रंग उतरला."

"आन् डोळं निळं?"

"पाच वरसं धरणाचं पानी बघत बसल्यावर काय लाल व्हत्याल?"

माजी सून शुभांगी दारातनं म्हनली, "आत्या, आसं रंग उतरत न्हाईत."

"तू तव्यावरची भाकरी बघ!"

भाकरी म्हनल्याबरूबर मांजर ताडकन उठलं आन् माज्या पायात येऊन घोटाळाया लागलं. मग काय, मी कंबरंवर हात ठिवला. "बघा. भायेरचं मांजर भाकरीच्या नावानं आसं पळत येतं व्हय? हे आपल्याच मातीचं."

कोंडाजीच्या डोळ्यात पानी आलं. मंगी घरी गेली.

आता 'मंगी' म्हनून हाक मारली तर ती कानबी हालवत नव्हती, पर पाच वरसात मानूस नाव इसरतं, मांजराचं काय घेऊन बसलात. चवथ्या दिवशी तिच्या मानंमागं कातड्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागली.

"गोचीड," मी सांगितलं. "घासलेट लाव, मी चिमटा आनते."

मंगीनं चिमटा बघितला आन् माज्या हातावर अख्ख्या मुळशी तालुक्याचा नकाशा काढला. कोंडाजीनं तिला उचलून छातीशी धरली. "न्हाई आक्का. तिला दुखवायचं न्हाई. डाक्टरला दाखवू."

कासार आंबोलीच्या बंगल्यांतली कुत्री तपासाया दर आयतवारी पुण्यास्नं शैलेश डाक्टर येत्यात. त्यांनी पिशवीतनं एक यंत्र काढून मंगीच्या पाठीवर फिरवलं. यंत्र 'टूं' करून वाजलं.

"ही गोचीड नाही, चिप आहे," डाक्टर म्हनले. "आत नंबर आहे."

कोंडाजी म्हनला, "मग मिस कॉल द्या की तिला."

डाक्टर पोट धरून हासले. मग सांगाया लागले, "काका, परदेशात मांजरांना ही बसवतात. गळ्यातला पट्टा पडतो, ही पडत नाही. म्हणून सापडलेलं मांजर आधी तपासून घ्यायचं. कुणीतरी त्याला शोधत असतं."

"म्हंजी... माजी न्हाई?"

मी माज्या पायाच्या आंगठ्याकडं बघत बसले.

डाक्टरांनी तो नंबर कॉम्प्युटरवर घातला, मालकीण सापडली, तिला आमच्या घरचा फोन दिला. आन् मला सांगायचं तेवढं इसरले. दुसऱ्या दिवशी ऐन जेवनाच्या टायमाला फोन वाजला.

"आजी, मी मेधा बोलतेय, हिंजवडीहून. आमची भाकरी तुमच्याकडेच आहे ना?"

बंगल्यावाली मान्सं चुलीवरच्या भाकरीसाठी लई इचारत्यात. मला वाटलं, त्यातलीच.

"हाय की. गरम हाय."

"गरम? ताप आलाय का तिला?"

"ताप कशाला? आत्ता तव्यावरनं काढली."

तिकडनं बारीक आवाज आला, "तव्यावरून?"

"व्हय. अर्धी कोंडाजीनं खाल्ली. ऱ्हायलेली तुमाला ठिवते, ठेच्यासंगं."

त्या बाईनं आशी किंकाळी फोडली, की शुभांगीनं चुलीपास्नं येऊन माज्या हातातनं फोन हिसकला.

तासाभरात गाडी दारात. मेधा आन् तिची सा वरसांची किमया. सुट्टीला कासार आंबोलीच्या त्यांच्या बंगल्यावर आल्यावर मांजर दारातनं निसटलं, पट्टा करवंदीच्या जाळीत घावला, आन् तवापासनं तीन आठवडं पोरगी धड जेवली नव्हती. गाडीतनं उतरता उतरता ती वरडली, "भाकरी!"

मंगीनं कोंडाजीच्या मांडीवरनं उडीच घेतली. आदी ही मान्सं लंडनात ऱ्हात व्हती; तितं पोरीला भाकरी मिळंना, म्हनून गोल पांढऱ्या पिल्लाला त्येच नाव ठिवलेलं!

मेधा माज्या पाया पडाया वाकली. "आजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माजं कसलं गं? मी तर तिला वाघ दाखवून बसले. उपकार तिच्या मानंतल्या त्या दाण्याचं, आन् ह्या कोंडाजीचं. त्यानं चिमटा लावू दिला न्हाई."

किमयानं कोंडाजीच्या वसरीवर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या, तव्यावरच्या बरं का. मग उंबऱ्याजवळची वाटी बघून इचारलं, "आजोबा, ही कुणाची?"

"माज्या मंगीची."

"ती आली की मला दाखवाल?"

"दाखवीन की," कोंडाजी म्हनला आन् तिच्या डोक्यावर हात ठिवला.

तवापासनं आमच्या आळीत रीत हाय. मांजर सापडलं तर आदी डाक्टर, मग मी. मागल्या म्हैन्यात एक काळं मांजर आलं. डाक्टरांनी यंत्र फिरवलं, टूं न्हाई का टां न्हाई. मी छाती फुगवली.

"कोंडाजी, रंग परत आला बघ. ही मंगीच!"

कोंडाजीनं शेपटी उचलून बघितली.

"आक्का, हा बोका हाय."

आन् तरीबी त्यानं वाटीत दूध वतलं. वाघाच्या भ्यानं आसंबी व्हतं, आसं मी म्हननारच व्हते, पर दारात शुभांगी उभी व्हती.