फोनवर आमचं नाव काय दिसतं?

ज्या यंत्रात ‘सेटिंग’ नावाचं पान असतं, ते यंत्र मला टरकून असतं. आमच्या घरच्या वॉशिंग मशीनलाच विचारा! (ते आता नुसतं पिळतं, धूत नाही, पण तो विषय वेगळा.) त्यामुळे ऑफिसच्या फोनवरचं नाव बदलायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. निदान मला तरी तसं वाटलं.

आम्ही पडदे शिवतो. फोनची यंत्रणा मात्र जागेबरोबर आयती मिळाली, आणि जागा पूर्वी दाताच्या डॉक्टरांची होती. त्यामुळे आम्ही कोणालाही फोन लावला, की पलीकडे ‘दातांचा दवाखाना’ असं झळकायचं. दाताच्या डॉक्टरांचा फोन हौसेनं उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय!

एरवी रेटलंही असतं. पण एका मोठ्या हॉटेलचं सगळ्या खोल्यांच्या पडद्यांचं काम हाताशी आलं होतं. मॅनेजर बाईंचा होकार संध्याकाळपर्यंत घ्यायचा होता, आणि बाई फोन उचलत नव्हत्या.

“हे काम गेलं, तर शिवणखोलीला कुलूप,” साहेब म्हणाले.

शिवणखोलीचे मास्तर दारातच उभे होते.  त्यांनी गळ्यातली टेप घट्ट धरली.

“पाच मिनिटांचं काम!” मी म्हणालो.

आणि खरंच तेवढंच होतं. ‘बाहेर जाणाऱ्या कॉलवरचं नाव’ असा चौकोन सापडला. दवाखाना खोडला, ‘सुबक पडदे’ लिहिलं, सेव्ह केलं.

“मास्तर, मोबाइल बघा,” म्हणत मी ऑफिसच्या फोनवरून त्यांना रिंग दिली.

मास्तरांनी बघितलं आणि मोबाइल झटकन पोटाशी धरला.

“काय दिसतंय?”

“दिसतंय आपलं... नाव.”

“अहो, दाखवा की! लाजताय काय नवरीसारखे!”

स्क्रीनवर होतं: ‘कोंडवाडा’.

मी चरकलो. हा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता! लगेच फोनवर बसणाऱ्या ताईंना रिंग दिली. त्यांच्याकडे आलं, ‘आता काय’.

भीती राहिली बाजूला, मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. यंत्र माणूस बघून शब्द निवडत होतं! आणि काय नेमका निवडत होतं!

“सरका, माझा बघा,” म्हणत साहेबांनी ऐटीत मोबाइल टेबलावर ठेवला. वाजला. ‘राँग नंबर’.

“वहिनींसमोर वाजला, तर बरं पडत असेल,” ताई फाइलीआडून पुटपुटल्या. साहेबांनी मोबाइल उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

मग मी इरेला पेटलो. नाव पुन्हा लिहिलं. सुटं लिहिलं. जोडून लिहिलं. यंत्र बंद करून चालू केलं. कोंडवाडा ढिम्म हलेना! शेवटी वैतागून, निदान काही उमटतंय का बघावं म्हणून, ‘उचला हो’ असं लिहिलं. तरी कोंडवाडाच! तिकडे साहेब दुसऱ्या टेबलावरून मॅनेजर बाईंना फोनवर फोन लावत होते.

अखेर मी स्पीकर लावून फोन कंपनीला शरण गेलो. तिथल्या मुलीनं जांभई आवरत सांगितलं, “सर, ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यांना त्यांनी दिलेलंच नाव दिसणार. अनोळखी माणसाला लावून बघा.”

 एकेकाचा चेहरा बघितला, तेव्हा उमगलं. हे सगळ्यांना केव्हाच कळलं होतं. सांगणार कोणत्या तोंडानं?

“तुमच्या मोबाइलवर काय येतं हो?” साहेबांनी मला विचारलं.

“घरी विसरलो.”

तेवढ्यात तो माझ्या खिशात वाजला. ताईंनी ऑफिसच्या फोनवरून रिंग दिली होती! काय झळकलं, ते इथे सांगायचं कारण नाही.

मी अनोळखी माणूस शोधायला रस्त्यावर धावलो. एक काका कुत्रा फिरवत होते.

“काका, तुमचा नंबर द्या.”

“कशाला?”

“फोन करायचाय.”

“अरे, मी समोर उभा आहे की! बोल ना!”

कुत्रं माझी पँट हुंगत असताना कशीबशी त्यांची समजूत घातली. नंबर ओरडून वर सांगितला, ताईंनी वरून रिंग दिली. काकांनी चष्मा वर सरकवून वाचलं, “उचला हो.”

मी जिना चढलो की उडालो, आठवत नाही. “साहेब! बाईंना फोन करू नका!”

“का? आत्ताच परत केला.”

आणि टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी स्पीकर लावला.

“कोण आहे हो तिकडे?” मॅनेजर बाईच! “आमची बैठक चाललीय, फोन टेबलावर, आणि सारखं आपलं ‘उचला हो, उचला हो’! आमचे मोठे साहेब म्हणाले, बाई, आधी बघा, कोणावर तरी काहीतरी बेतलंय.”

“पडदे, बाई,” आमचे साहेब चिरक्या आवाजात म्हणाले.

 मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग पलीकडून एकदम हसण्याचा गडगडाट झाला, तोही पाच-सहा माणसांचा.

“बरं, पडदे तुमचेच. पण ते नाव आधी काढा!”

काढलं. शिवणखोलीत आता मशिनं थांबत नाहीत. ‘सुबक पडदे’ असं स्वच्छ, ठळक नाव सगळ्या अनोळखी माणसांना दिसतं. त्यामुळे पडदेवाल्यांचा फोन आहे हे लोकांना लगेच कळतं, आणि ते उचलत नाहीत.