मॅडमचा गाळलेला 'नका'

सलग तिसऱ्या दिवशी घंटागाडीच्या गेणूने कॉलनीचा कचरा घ्यायला नकार दिला, तेव्हा शिरसाठ मॅडमनी पदर खोचला. डब्याडब्यांत केळीची सालं आणि दुधाच्या पिशव्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या.

"मी काय करू मॅडम? लोक म्हणतात, तुम्हीच सांगितलं."

"मी? कधी?"

"गाण्यात. लय वाजतंय ते."

उज्ज्वला शिरसाठ बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घंटागाडीच्या भोंग्यावरचा आवाज त्यांचाच होता. "ओला-सुका कचरा एकत्र देऊ नका." इंदिरानगरातल्या त्या कॉलनीला ही शिस्त लावायला त्यांना चार वर्षं लागली होती. ती मोडायला समोरच्या घरातल्या डीजे मयूरला चार मिनिटं पुरली. या माजी विद्यार्थ्याने तो आवाज मोबाइलवर टिपला, त्याचे तुकडे केले, खाली दणदणीत ठोका लावला आणि गाणं गावभर सोडलं. "ओला-सुका एकत्र, देऊ देऊ देऊ!" हळदीत तेच, वरातीत तेच, त्र्यंबकला जाणाऱ्या गाड्यांतही तेच.

मॅडम तडक मयूरच्या खोलीत शिरल्या.

"हे काय आहे?"

"हाउस म्युझिक, मॅडम."

"माझ्या हाउससमोर ढीग साठलाय! 'नका' कुठे गेला?"

"तो ठोक्यात बसत नव्हता, मॅडम."

"शाळेत तूही बसत नव्हतास. बसवलं ना मी तुला? मग त्यालाही बसव!"

मयूरने रिमिक्स केलं. अपराधी मनाने जरा जास्तच 'नका' घातले. "देऊ नका, नका, नका, नका!" दोन दिवसांनी गेणू रिकामी गाडी घेऊन दारात उभा.

"आता कुणी कचराच देत नाय, मॅडम."

शेजारच्या नवसाबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "तुम्हीच दहादा नका म्हणताय. घरात वास सुटलाय, पण तुमचा शब्द कसा मोडायचा?"

मॅडम हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या रिमिक्ससाठी त्या स्वतः वही घेऊन बसल्या. संपूर्ण वाक्य, स्वच्छ उच्चार, शेवटी कारणं. पंचवटीतल्या एका हळदीत मयूरने ते वाजवलं, तर दुसरं कारण सुरू होताच नाचणारी मंडळी थांबली आणि जेवायला जाऊन बसली. आचारी अजून पुऱ्या लाटत होता.

"मॅडम, सोडून द्या आता," मयूर काकुळतीला आला.

"सोडून? माझ्याच आवाजात माझ्याच शब्दाच्या उलट ऐकत म्हातारी होऊ मी?" मग मॅडम एकदम ताठ बसल्या. "थांब. 'नका' काढ."

"अहो, त्याच्यासाठीच तर एवढं..."

"काढ म्हणते ना! 'देऊ' म्हटलं की सगळं बंद. ठोकासुद्धा. रिकाम्या जागा भरा, आठवतंय? मी शब्द गाळला की सगळा वर्ग ओरडायचा. अभ्यास न केलेला तूही ओरडायचास."

तिसरं रिमिक्स गावभर गाजलं. "ओला-सुका एकत्र देऊ..." एवढ्यावर गाणं गपकन थांबायचं आणि नाचणारे बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "नका!" सोमवारी गेणूने भोंग्यावरही तेच लावलं. अख्खी कॉलनी दोन दोन डबे घेऊन रांगेत. रिकामी जागा आली की गल्ली दुमदुमायची. मॅडमना भरून आलं. बत्तीस वर्षांत एवढा एकमुखी वर्ग त्यांना मिळाला नव्हता.

त्याही लगबगीने आपला डबा घेऊन आल्या. पाय आपोआप ठोक्यावर पडत होते.

गेणूने डब्यात डोकावून डोकं खाजवलं.

"मॅडम..."

"काय रे?"

"चहाचा चोथा अन् बिस्किटाचा पुडा एकाच डब्यात हाय."

मॅडमनी आत पाहिलं. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होत्या खऱ्या. आता आठवलं, ते पहिलंच, 'देऊ देऊ देऊ'वालं गाणं होतं. मेलं तोंडातून जातच नव्हतं.

सगळ्यांच्या माना डब्याकडे वळल्या. गेणूने भीतभीत, पण कर्तव्य म्हणून सुरुवात केली, "ओला-सुका एकत्र देऊ..."

"नका!" सगळी गल्ली ओरडली. नवसाबाई सर्वांत मोठ्याने.

मॅडमनी डबा उचलला आणि त्या घराकडे वळल्या. उच्चार मात्र सगळ्यांचे स्पष्ट होते.