खगेंद्रला कावळा येत नव्हता

फुलचोकी डोंगराच्या रानातला कुठलाही पक्षी सांगा, चहा निवायच्या आत समोर आणून बसवतो, असं खगेंद्र सिलवाल चारचौघांत बोलून दाखवायचा. आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. काँडे भ्याकुर नावाचा मातकट पक्षी नेपाळ सोडून जगात कुठे सापडत नाही, आणि नेपाळातही काटेरी झुडपात असा दडून बसतो की जणू त्याने गावाची उधारी बुडवली आहे. त्याच्यासाठी दूरदूरचे लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून डोंगरपायथ्याच्या गोदावरी गावाला यायचे आणि खगेंद्रचं दार ठोठावायचे. खगेंद्र झुडपासमोर उभा राहून ओठांचा चंबू करून शीळ घालायचा की भ्याकुर बाहेर येऊन त्याला उत्तर द्यायचा. मध्येच एखादा कावळा तडमडला आणि पाहुण्याने त्याच्यावर दुर्बीण रोखली, तर खगेंद्र म्हणायचा, "त्याला काय बघायचं? तो घरचाच आहे."

खगेंद्र म्हणजे पक्ष्यांचा राजा. नाव आईने मोठ्या हौसेने ठेवलं होतं. राजाने सगळ्याच प्रजेची दखल घ्यावी, एवढं सांगायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

तिहार म्हणजे नेपाळची दिवाळी, तिचा पहिला दिवस कावळ्याचा. त्या दिवशी कावळा खाऊन तृप्त झाला की वर्षभर वाईट बातमी आणत नाही. तुलसा आमा, म्हणजे खगेंद्रची आई, पहाटेच उठून तांदळाच्या पिठाचे कड्यासारखे गोड सेल तळायला बसली होती. दरसाल ती गाणी गुणगुणत तळायची, यंदा गप्प होती. थोरला मुलगा जीवनाथ कामाला कतारला. दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, टिळ्याला त्याचा फोन आला नाही, त्यानंतरही नाही, आणि इकडून लावला तर बंद. शेजारच्या भोजकुमारी काकीचा जावई तिकडेच होता, त्याला विचारता आलं असतं. पण दोन्ही घरांच्या बांधावर हलुवाबेदाचं झाड होतं, कार्तिकात केशरी फळांनी वाकायचं, आणि त्या फळांपायी दोघींचं बोलणं कधीचंच बंद पडलं होतं. तेव्हा आमाचा सगळा भरवसा कावळ्यावर.

आमाने टपरीत, म्हणजे पानांच्या द्रोणात, भात, सेल आणि मिठाई मांडून ती गच्चीवर ठेवली. ऊन वर आलं. काकीच्या गच्चीवर कावळ्यांची पंगत बसली होती आणि इकडे चिटपाखरू नव्हतं.

"तुम्ही तर राजे," खगेंद्रची बायको पवित्रा म्हणाली. "एक हुकूम सोडा की."

खगेंद्रचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सेल उलटता उलटता आमा दर मिनिटाला पवित्राचा फोन उचलून बघत होती, हे त्याने पाहिलं होतं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. तो शिडी चढून गच्चीवर गेला. फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज ठासून भरलेले, डोंगरातल्या घुबडापासून ओढ्यातल्या खंड्यापर्यंत. कावळा नव्हता. कावळ्याचा आवाज कोण कशाला जपून ठेवील?

मग तोंडानेच करायचं ठरलं. त्याने साधं सभ्य "का, का" केलं. काकीकडच्या कावळ्याने मान तिरकी करून एक डोळा इकडे टाकला आणि पुन्हा भातात चोच घातली. जगभरच्या लोकांनी ज्याच्या शिळेला माना डोलावल्या, त्याला गावच्या कावळ्याने हिंग लावून विचारलं नाही. खगेंद्र इरेला पेटला. कावळ्याचा आवाज त्याने आयुष्यात एकदाच मन लावून ऐकला होता, तोही या दशैंत. पतंगाच्या मांज्यात एक कावळा अडकला होता आणि त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. खगेंद्रने तोंडाशी हातांची ओंजळ धरली आणि तोच आवाज काढला, अगदी हुबेहूब.

काकीची पंगत ताटावरून उठली. बांबूच्या बेटातले उठले, तारांवरचे उठले, पलीकडच्या देवळावरचे उठले. कोणाला मांजा लागला हे बघायला गावातला कावळा न् कावळा सिलवालांच्या घरावर येऊन घिरट्या घालत बोंबलू लागला. टपरीला एकानेही तोंड लावलं नाही. खगेंद्र हात हलवून जा म्हणू लागला, तसा एकाने झडप घालून त्याची टोपीच पळवली.

आता कावळे असे घरावर रडले तर त्याचा अर्थ काय, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. आणि कोणाच्या मुलाचा फोन येत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. भोजकुमारी काकीने कपाळाला हात लावला. जावयाला फोन करून तिने विचारलं, "जीवनाथ गेला का रे?" जावई झोपेत होता. त्याला ऐकू आलं, "जीवनाथ गेला रे." "गेला!" असं तो ओरडला, तो काकीला होकार वाटला. तिने फोन टाकला, हलुवाबेदाखालून बांध ओलांडून आली आणि तुलसा आमाच्या गळ्यात पडून रडू लागली.

"दिदी, धीर धर," एवढंच ती म्हणत होती. आमा होती तिथेच पायरीवर बसली.

खगेंद्र शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. कुणालाही काहीही झालेलं नाही, तो आवाज मीच काढला, असं त्याने परोपरीने सांगितलं. अंगणात माणसं जमली होती. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असं कोणीतरी हळहळून म्हणालं. मग खात्री पटावी म्हणून शहाण्याने अंगणात उभं राहून तोच आवाज पुन्हा काढून दाखवला. वर कावळे दुप्पट झाले आणि खाली रडणारेही.

आमाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "खगे, तुला काही कळलंय का? कळलं असेल तर सांग. पक्ष्यांचं नको सांगूस. त्याचं सांग."

 दादा ठीक आहे, हे खगेंद्रला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. कुठल्या झुडपात कोणता पक्षी आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. सख्खा भाऊ कुठे आहे, कसा आहे, ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात पवित्राचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने ऐकलं आणि फोन आमाच्या कानाला लावला. आवाज इतका चढलेला होता की सगळ्या अंगणाला ऐकू आला.

"मला कोणी मारलं? आं? झोपलेल्या माणसाच्या नाकाशी बोटं धरून बघतायत इथले लोक!"

जीवनाथचा फोन सिमेंटच्या घाण्यात पडला होता. घरचा एकही नंबर त्याला पाठ नव्हता, तो आता काकीच्या जावयाकडून मिळाला. आमाने त्याला सगळं बोलू दिलं. मग डोळे पुसून विचारलं, "जेवलास का?"

अंगण रिकामं व्हायला वेळ लागला, कारण आलेल्या प्रत्येकाला सेल खाऊनच जायचं होतं. काकी आमाशेजारी चुलीपाशी बसून राहिली. झाडाचा विषय कोणीच काढला नाही.

मग आमा ताजी टपरी भरून शिडी चढली आणि खगेंद्रला वर बोलावलं. "निरोप आणणं कावळ्याचं काम," ती म्हणाली. "यंदा ते तू केलंस. बस. हे ताट तुझं." तिने त्याच्या कपाळाला टिळा लावला. खगेंद्रने सेल उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि कानाशी पंख फडफडले. बोटांत नुसतं तूप उरलं.

"आला गं बाई!" आमाने हात जोडले ते थेट हलुवाबेदाच्या झाडाकडे. राजाकडे तिची पाठ झाली होती.

खगेंद्रने जन्मात पहिल्यांदा कावळ्यावर गळ्यातली दुर्बीण रोखली. काळ्या मानेवर करड्या मखमलीची पट्टी होती, डोळा तल्लख होता, आणि सेल पायाखाली दाबून तोडायची ढब मोठी ऐटदार होती. बघण्यासारखा पक्षी आहे, असं त्याने मनात कबूल केलं. मग दुर्बीण जरा खाली नेली. कावळा बसला होता ती फांदी नव्हती, खगेंद्रची टोपी होती.