तीन बोटांचं रीळ

आमचे मुकादमचाचा मासे पकडायचं रीळ बघायला घेतात तेव्हा आधी ते कानाला लावतात. डोळे मिटतात. मग डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्यात दुमडतात आणि उरलेला अंगठा, अनामिका नि करंगळी एवढ्यांनीच त्याचं हँडल फिरवत राहतात. एक मिनिट, दोन मिनिटं, कधीकधी पाच. दुकानात मागे गिऱ्हाइकं ताटकळत असतात, मालक घड्याळाकडे बघत असतो, चाचांना पत्ता नसतो. शेवटी डोळे उघडून ते रीळ काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "खलास. ह्याची आयुष्याची दोरी काय लांब नाय."

सौदीतल्या आमच्या दम्माममध्ये असं नापास झालेल्या रिळांची संख्या किती, ते मी मोजलेलं नाही. दुकानदारांनी मोजलं असावं, कारण चाचा दिसले की ते माल आत घेतात.

शब्बीर मुकादम मूळचे जयगडकडचे. इथल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या गोडाऊनचे स्टोअरकीपर. आमच्या प्लँटला लागणारे व्हॉल्व्ह त्यांच्याकडून येतात, म्हणून माझी ओळख. पहिल्याच भेटीत त्यांनी मी पास केलेला व्हॉल्व्ह कानाशी हलवला आणि म्हणाले, "इंजिनेर, ह्याच्या पोटात कायतरी हाय." मी पुण्याचा. मला कोणी शिकवलेलं आवडत नाही. व्हॉल्व्ह उघडून दाखवला, तर आतून वॉशरचा तुकडा पडला. त्या दिवसापासून मी त्यांना वचकून असतो.

ज्यांना रीळ म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पतंगाची फिरकी असते ना, तिचा हा लोखंडी पैलवान भाऊ. काठीला बसवायचं, दोऱ्याच्या टोकाला गरी लावायची आणि समुद्रात फेकायचं. पण चाचांना हवं असलेलं रीळ कोळंबीचा तुकडा लावून निवांत बसणाऱ्यांचं नव्हे. त्यांच्या गावचे लोक समुद्रकाठच्या खडपांवर, म्हणजे खडकांवर, उभे राहून मुठीएवढा जड नकली मासा लांब फेकतात आणि लगेच दोरा गुंडाळत आणतात. पुन्हा फेकायचं, पुन्हा ओढायचं, दिवसभर. सुरमई चुकून फसलीच तर तीही नंतर आपल्या परीने ओढते. एवढ्या हिसक्यांत साधी रिळं महिनाभरात दात पाडून बसतात.

हे रीळ चाचांना धाकट्या भावासाठी, इस्माईलसाठी हवं होतं. पूर्वी एक नेलं होतं. तिसऱ्या दिवशी फेकता फेकता रिळावरची दोऱ्याची तार, फेकताना उघडी राहायला हवी ती, मधेच मिटली, दोरा तुटला, नकली मासा एकटाच अरबी समुद्रात गेला, आणि आतलं दातेरी चाकही गेलं. इस्माईलने काठी माळ्यावर टाकली ती टाकलीच.

"काय म्हणाला?" मी विचारलं होतं.

"काय नाय बोल्ला," चाचा म्हणाले. "तोच तर वांदा हाय."

त्याला सात वर्षं झाली. चाची आणि मुलगी मुंब्र्याला असतात. चाचा सुट्टीला तिथपर्यंत जातात, पण मुंब्र्याच्या पुढे गावाकडे पाऊल नाही. कोणी छेडलं की उत्तर ठरलेलं, "रीळ मिळालं की जाईन." गोडाऊनमधली पोरं हसायची. मीही हसायचो. भावाकडे जायला रीळ लागतं का, माणसानं खजूर घेऊन जावं!

त्या तीन बोटांनाही आम्ही हसायचो. मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, "पाच बोटांनी काय, दळायचं जातं पण फिरतं. ही माझी टेस्ट हाय." मी मान डोलावली. व्हॉल्व्हचा अनुभव होताच.

आणि टेस्ट एवढ्यावर थांबत नसे. कानाच्या परीक्षेत उतरलेलं रीळ पुढे आमच्या घरी यायचं, कारण चाचा कंपनीच्या खोलीत चौघांत राहतात आणि तिथे जागा नाही. आमच्या गॅलरीत माझ्या बायकोची, मेधाची, निळी बादली होती. ती चाचांनी ताब्यात घेतली. हाफमून बीचवरून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायचे आणि रीळ त्यात बुडवून ठेवायचे. आठवड्यानं काढून माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वाळत. जुलैमध्ये. मी स्टिअरिंगला हात लावू शकत नव्हतो, पण रिळानं ते सोसलंच पाहिजे. मग पुन्हा बादली.

"दोन वर्षं झाली मी तांब्यानं फरशी धुतेय," मेधा म्हणायची. "तुमच्या चाचांना सांगा, माणसांनाही पाणी लागतं." पण चाचा दारात दिसले की हीच आधी चहा टाकायची.

शेवटची परीक्षा वजनाची. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन दोऱ्यानं खाली सोडायचा आणि तीन बोटांनी वर ओढायचा. शंभर वेळा. पहिल्या मजल्यावर एक सुदानी मास्तर राहतात. त्यांच्या खिडकीसमोरून कॅन वर गेला, खाली आला, वर गेला. चाळिसाव्या फेरीला ते वर आले. "एश हादा?" हे काय चाललंय, म्हणून विचारू लागले. चाचांनी त्यांना अरबीत काय सांगितलं देव जाणे, पण पुढच्या साठ फेऱ्या मास्तर खाली उभे राहून मोठ्यानं मोजत होते.

सगळ्यात मोठा धक्का मला बसला तो कोयाच्या दुकानात. कोया मलबारी, त्यानं नवंकोरं रीळ खोक्यातून काढून दिलं. चाचांनी कान लावला. "ह्याच्यात वाळू हाय." कोया भडकला. कंपनीचं सील आत्ता फोडलं, वाळू कुठून येणार? पैज लागली, पाना आला, रीळ उघडलं. बेअरिंगमध्ये एकच कण. कोयानं तो बोटाच्या टोकावर घेतला आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. अहो, मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर. लाखमोलाची यंत्रं वापरून मला जे सापडत नाही ते ह्या माणसाला नुसत्या कानानं सापडतं! मी चक्क नमस्कार केला त्यांना.

यंदा सप्टेंबरात एक रीळ पास झालं. कान पास, बादली पास, डॅशबोर्ड पास, कॅन पास. मला वाटलं, चाचा आता नाचतील. ते खुर्चीत बसले, रीळ मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "इंजिनेर, तू दिवाळीला पुण्याला जातंस ना? एवढं इस्माईलला पोचव. पुण्याहून जवळच हाय."

"जवळ? आठ तास आहेत! आणि सात वर्षं घोकताय, रीळ मिळालं की जाईन, रीळ मिळालं की जाईन. मिळालं ना?"

"इकामा रिन्यूला टाकलाय."

"तो राहण्याचा परवाना गेल्याच महिन्यात नवा झालाय, चाचा."

चाचा मान खाली घालून रीळ पुसत राहिले. मला त्यांचा राग आला होता, पण खोकं मी घेतलं.

भाऊबीज उरकून वाट वाकडी करून जयगडकडे गेलो. इस्माईल दारातच होते. चाचांचाच चेहरा, फक्त उन्हानं जास्त रापलेला. त्यांनी खोकं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. डाव्या हाताला तर्जनी नव्हती. मधलं बोट नव्हतं.

खोकं माझ्याच हातात राहिलं. माझी नजर त्यांनी ओळखली.

"लाँचीवर रश्शीत हात होता," त्यांनीच सांगितलं. "भायला दिसला नाय, त्यानं इंजिन चालू केलान. त्याची काय चूक? मी राग कधी धरला नाय. पण तसं त्याला बोल्लो पण नाय. आमच्यात असलं बोलतो कोण? त्याच वर्षी तो सौदीला गेला."

खोक्याकडे बघून मला भडभडून आलं. एवढी वर्षं आम्ही हसत होतो त्या बोटांना.

संध्याकाळच्या भरतीला आम्ही खडपावर गेलो. इस्माईलनी माळ्यावरची काठी काढली होती. रीळ बसवलं, नकली मासा लावला आणि उजव्या हातानं असा भिरकावला की मला तो पडलेला दिसलाच नाही, फक्त लांब पाणी उडालं. दोऱ्याची तार मिटली नाही. मग त्यांनी अंगठा, अनामिका नि करंगळीनं हँडल धरलं.

मी दम्मामला फोन लावला. "चाचा, फेकलं! छान चाललंय, काय सुंदर..."

"तू गप. फोन रिळाजवळ धर."

मी धरला. रीळ फिरत होतं. लाटांच्या आवाजात मला तर काही ऐकू येत नव्हतं. इस्माईलनी ओढलं, पुन्हा फेकलं, पुन्हा ओढलं. मासा एकही लागला नाही. फोन कट झाला असं वाटून मी "चाचा?" म्हटलं.

"हाय," चाचा म्हणाले. "पास."

इस्माईलनी ओल्या हातानं फोन माझ्याकडून घेतला. "भाय, रीळ आलं," ते म्हणाले. "आता तू कधी येतंस?"

मला इकडेही ऐकू येईल एवढ्यानं चाचा खेकसले, "पयलं गोड्या पाण्यानं धू त्याला!" इस्माईल हसले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी दम्मामला परत आलो तेव्हा गॅलरीत निळी बादली पालथी घातलेली होती, घासूनपुसून लख्ख. मेधा म्हणाली, "चाचा देऊन गेले. म्हणाले, बेटी, आता लागणार नाय." बादली मिळाली म्हणून ती खूष असायला हवी होती, पण डोळे पुसत होती.

शुक्रवारी दम्मामच्या विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. मुंबईला उतरून मुंब्र्याला एक रात्र आणि मग थेट गाव. बॅगेत हुफूफचे खजूर होते. आत जाता जाता चाचा थांबले, मागे वळले आणि माझी बाही धरली.

"इंजिनेर, तो दारात उभा असंल काय रे?"

रिळाच्या पोटातला वाळूचा कण ऐकणारा माणूस हे मला विचारत होता.

"असणार, चाचा," मी म्हटलं. "तुम्ही जा."