पालकांची सही

नववीच्या त्रेसष्ट वह्या तपासून झाल्याशिवाय रजेच्या अर्जावर सही करणार नाही, असं मुख्याध्यापकांनी इंग्रजीच्या बाईंना स्वच्छ सांगितलं होतं. बाईंची लेक परगावी बाळंत झाली होती. नात तीन आठवड्यांची झाली तरी आजीनं तिला फोनवरच पाहिलं होतं.

म्हणून मधल्या सुट्टीत डबाही न उघडता बाई लाल पेन घेऊन बसल्या. निबंध सहलीवरचा. पोरं काल सहलीला जाणार होती आणि उद्या परत आली होती. वीस वर्षं बाई तेच शिकवत होत्या आणि वीस वर्षं पोरं तेच चुकत होती. चाळिसाव्या वहीनंतर त्यांचं वाचणं थांबलं, नुसता हात चालत राहिला.

तेवढ्यात शिपाई हातातला कागद वह्यांवर ठेवून पाणी प्यायला गेला. मुख्याध्यापक भारी काटकसरी. पालकांना पाठवायच्या इंग्रजी पत्राचा मसुदाही ते जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहीत. बाईंनी पान पुढं ओढलं. सतरा चुका. सवयीनं खाली लिहिलं, 'दहापैकी तीन. लक्ष कुठे असते? चुकलेली वाक्ये पाच वेळा लिहून पालकांची सही आणावी.'

शिपायानं कागद उचलून टाइप करायला कारकुनाकडे दिला. लाल शाईतलंही टाइप करायचं का, हे विचारायला कारकून थेट मुख्याध्यापकांकडे गेला.

बाई शेवटची वही मिटत होत्या, तेवढ्यात शिपाई सांगत आला, "बाई, साहेबांनी तुमचा शेरा दोनदा वाचला. मग कागद खिशात घातला आणि घरी गेले."

आपण कुणाच्या कागदावर शेरा मारला, ते बाईंना आता कळलं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसत सुटला. मग त्यांचे डोळे भरलेले बघून चहा टाकायला उठला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी दोन-तीन कागद पुढं सरकवले. प्रत्येक चुकलेलं वाक्य पाच वेळा, सुवाच्य अक्षरात. खाली थरथरती सही.

"आई धुण्याआधी खिसे बघते," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिनं. म्हणाली, बाईंनी सांगितलंय ना, मग लिही. त्याशिवाय जेवायला वाढलं नाही."

सहीखाली आईंनी लिहिलं होतं, 'शेवटच्या परिच्छेदातल्या दोन चुका बाईंच्या नजरेतून सुटल्या आहेत. बाई फार दमलेल्या दिसतात. त्यांना रजा द्यावी.'

शेजारीच रजेचा अर्ज होता, सही झालेला. अर्ज घेऊन बाई दारापर्यंत गेल्या, तेव्हा मागून मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "त्या दोन चुका कुठल्या, ते ती सांगत नाही. स्वतः शोध म्हणते. सोमवारी तुम्हाला दाखवायला आणू?"

"सोमवारी मी रजेवर आहे, सर."

मुख्याध्यापकांनी कागदाकडे पाहिलं. "मग घरी काय सांगू?"